उजव्या हाताची खोड

आम्ही हुबळीकर अंतर चहात मोजतो. बेळगाव म्हणजे एक चहा. गोवा म्हणजे तीन चहा आणि घाटात कुणाची तरी एक उलटी. त्यामुळं लेकीनं कॅनडाहून पूर्वेकडच्या प्रवासाचा नकाशा पाठवला तेव्हा मी तो शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठा छापून घेतला, दुकानाच्या गल्ल्यावर पसरला आणि आधी चहाच मोजले. मॉन्ट्रियलहून क्यूबेक शहर, तिथून सेंट लॉरेन्स नदीच्या काठाकाठानं कामुरास्का, पुढं गास्पेचे डोंगर, मग खाली उतरून केप ब्रेटनचा समुद्रकाठ. कामुरास्का हे नाव मला तर गदगच्या पलीकडचं एखादं गाव वाटलं, तिथं आपलं कुणीतरी असणारच. एकूण सात-आठ चहात काम उरकेल असा अंदाज बांधला आणि वाटेत नायगारा घातला. नायगारा माझा नव्हे. तो सगळ्या गणगोताचा. कॅनडाला जाऊन नायगारा न बघता आलेल्या माणसाला आमच्याकडं मुंजीला सुद्धा बोलावणार नाहीत.

"अप्पा, नायगारा उलट्या दिशेला आहे," लेक म्हणाली. "हुबळीहून गोव्याला निघायचं आणि वाटेत हंपी करायची, असं झालं हे."

"मग हंपी करायला काय हरकत आहे?"

"ह्यांच्या हातात नकाशा देऊ नकोस ग," मागून बायको म्हणाली. "हे धारवाडात घर चुकतात."

"आणि दोन गावांच्या मधे चहा नाही अप्पा. मधे झाडं आहेत. कितीतरी वेळ नुसती झाडं."

मी म्हटलं, चहा नसला तर बुत्ती नेऊ. आमच्याकडं प्रवासाला निघताना डबा नव्हे, बुत्ती बांधतात: कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, दह्यातला भात. रात्रीचा मुक्काम तंबूत असणार, तिथं उशाशी ठेवू, भूक लागली की हात घालायचा. मग लेकीनं सांगितलं की त्या रानात अस्वलं आहेत, त्यांना वासाची हौस आहे, आणि शेंगाचटणी उशाला घेऊन झोपणारा माणूस त्यांना आजवर भेटलेला नाही.

एवढ्यावर माझं प्रवास-नियोजन संपलं. पुढची आखणी लेकीनं स्वतःकडं घेतली. माझ्याकडं एकच काम ठेवलं, आणि हे सगळं त्या कामाचंच आहे.

लेक तिथं नोकरीला जाऊन काही वर्षं झाली. रोज सकाळी आम्ही उणकलच्या घरात चहा घेताना तिची तिथली रात्र असते, तेव्हा फोन येतो. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, पाऊस आहे का. मी विचारतो, तू जेवलीस का, थंडी आहे का. आमचं हे एखाद्या आरतीसारखं पाठ झालं होतं. मधलं कडवं गाळलं तरी कुणाला कळलं नसतं. ती सुट्टीच्या दिवशी डोंगरांचे कडे चढते हे मला ठाऊक होतं, पण लोक योगासनं करतात तसं काहीतरी असेल अशी माझी समजूत होती. एके दिवशी ती म्हणाली, "ह्या सप्टेंबरात तुम्ही दोघं या. कामुरास्काला मी कडा चढणार आहे, गास्पेला आपण तिघं मिळून डोंगर चालू. पण अप्पा, मला खालून दोर धरायला माणूस पाहिजे. तुम्ही शिकाल का?"

तिनं लहानपणी सायकल सुद्धा मागितली नव्हती, शेजारच्यांची चालवायला शिकली आणि मग सांगितलं. त्यामुळं मी विचार न करता हो म्हणालो.

"नुसतं हो नको," ती म्हणाली. "शिकायचं, आणि मला दाखवायचं. वरचा माणूस न सांगता सुटला तरी तुम्ही धरता, असा व्हिडिओ मला बघायचाय. नाही जमलं तर मी मैत्रिणीला घेऊन जाते, आणि तुम्ही दोघं शहरात राहा. त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही."

वाईट वाटायचा प्रश्नच नव्हता, कारण मला दोर शिकवायची गोष्ट म्हणजे माशाला आंघोळ शिकवायची गोष्ट होती. आमचं दुकान दोराचं. आजोबा मिरजेकडून हुबळीच्या बाजारात आले ते सुतळीची गुंडी घेऊन. मग सोल, काथ्या, नायलॉन, ट्रकवाल्यांचे जाड दोर, ताडपत्र्या. दोर हातात घेतला की तो किती भार घेईल हे मी सांगतो. मी फोनवर म्हटलं, "तू काळजी करू नकोस. दोर सुद्धा मीच आणतो."

"अप्पा, दोर इथं आहे. चढाईचा दोर वेगळा असतो. तो ताणतो."

ताणतो. आमच्या दुकानात ताणणाऱ्या दोराला दोर म्हणत नाहीत. दाराशी एक लोखंडी कडी आहे, गिऱ्हाईक त्यात दोर अडकवून हिसडा देतं, आणि दोर जरा जरी लांबला तर तो माझ्या तोंडावर टाकून जातं. तीन पिढ्या आम्ही न ताणणारा दोर विकून जगलो, आणि ही मला सांगते की हिचा जीव ताणणाऱ्या दोरावर आहे. मी ठरवलं, हिला पुराव्यासकट दाखवायचं.

गोकुळ रोडला आमचं गोदाम आहे. तिथल्या तुळईला मी दुकानातला सर्वांत दमदार पिवळा दोर बांधला, दुसऱ्या टोकाला हरभऱ्याच्या डाळीचं पोतं. डाळ शेजारच्या गोदामवाल्याची होती, पोतं परत करायच्या बोलीवर. बायकोला फोन धरून व्हिडिओ घ्यायला उभं केलं. पोतं माळ्यावर चढवलं, "बघ, न ताणणारा दोर कसा असतो," असं लेकीला उद्देशून बोललो आणि ढकललं.

दोर ताणला नाही. अगदी शब्दाला जागला. पोतं खाली येताना जिथं दोर संपला तिथं खाडकन थांबलं, फक्त डाळ थांबली नाही. पोतं कमरेत फाटलं आणि डाळ माझ्या डोक्यावरून गोदामभर झाली. दोराला काही झालं नव्हतं. मी तेच म्हणायला तोंड उघडलं तर तोंडात डाळ.

"पोत्याच्या जागी लेक धरा," बायको म्हणाली. ती धारवाडला हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झाली आहे. उदाहरण एका ओळीत सोडवते. मी तो व्हिडिओ पुसून टाकणार होतो. तिनं तोवर पाठवला होता.

लेकीचं उत्तर आलं: "आता कळलं का, दोर ताणावा का लागतो?" कळलं होतं. डाळ वेचताना नीट कळत गेलं.

मग मी गुमान शिकायला गेलो. रायापूरच्या बाजूला एका जुन्या शेडमध्ये चढाईची भिंत उभी केली आहे, रंगीबेरंगी प्लॅस्टिकचे गोटे ठोकलेली. शिकवणाऱ्या बाई धारवाडच्याच, तिशीच्या, कन्नड बोलणाऱ्या. मी त्यांना मेडम म्हणायचो, त्या मला अंकल. त्यांनी कमरेला पट्टे बांधले, पट्ट्याला एक छोटं यंत्र अडकवलं, त्यातून दोर ओवला आणि एकच नियम सांगितला. वरचा माणूस चढत जाईल तसा सैल झालेला दोर ओढून घ्यायचा. डावा हात काय वाटेल ते करू दे. उजवा हात दोरावरून सुटता कामा नये, कारण पडणाऱ्याला तोच थांबवतो.

"कै बिडब्याड्री अंकल," त्या म्हणाल्या. हात सोडू नका. मला हसू आलं. दोरावरून हात सुटेल असा माणूस आमच्या घराण्यात जन्माला यायचा होता.

वर चढायला कोण, हा प्रश्न होता. मेव्हण्याला विचारलं तर त्याची त्याच दिवसापासून पाठ धरली. बायको थर्मास घेऊन नुसती बसायला आली होती. ती उठली, साडीऐवजी आधीच पंजाबी ड्रेस घालून आली होती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"मी चढते," ती म्हणाली.

"तू कशाला?"

"माझी लेक तुमच्या दोरावर लोंबकळणार असेल, तर आधी मी लोंबकळून बघते."

ती चढली. गुडघ्यांची तक्रार करणारी माझी बायको, फळ्यावर सर्वांत उंच ओळ लिहायला उठते तशी सरसर वर गेली. मी खाली उभा राहून दोर ओढायला लागलो. आणि इथं मला सांगायला हवं की आमच्या धंद्यात दोर फूटपट्टीनं मोजत नाहीत, वावेनं मोजतात. टोक डाव्या हातात धरायचं, उजव्यानं दोर छातीसमोरून ओढत हात पूर्ण पसरायचा, झाली एक वाव. मग उजव्यातला दोर डाव्याच्या स्वाधीन करायचा, उजवा मोकळा, पुन्हा पुढं. आणि मोजताना एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून मी हे करत आलोय. झोपेत सुद्धा करत असेन.

दोर सैल झाला, हातात आला, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "लाभ."

उजवा हात मोकळा.

नेमका त्याच वेळी बायकोचा पाय गोट्यावरून घसरला. मेडम माझ्या मागं दोराचं शेपूट धरून उभ्या होत्या म्हणून बरं. तरीही बायको बरीचशी खाली येऊन भिंतीखाली अंथरलेल्या गादीवर बसलीच. हवेत असतानाच तिनं माझ्याकडं बघितलं असं ती म्हणते, आणि मी तेव्हा "दोन" म्हणत होतो.

"किती वावा भरल्या?" ती गादीवरून म्हणाली. "बांधून द्या, घेऊन जाते."

मेडम हसल्या नाहीत. त्यांनी मला पुन्हा उभं केलं, आणि मी पुन्हा हात सोडला. तिसऱ्यांदा ओठ घट्ट मिटून घेतले, तर लाभ आतल्या आत म्हटला गेला आणि हात सुटला. अज्ञान असतं तर शिकवता आलं असतं. हे उलट होतं, माझ्या हाताला दोर फार चांगला येत होता.

हा व्हिडिओही लेकीकडं गेला. आमच्या घरात पुरावा नष्ट करायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, आणि जेवलात का हे तिनं विचारलं नाही.

"गेल्या वर्षी माझा पाय बर्फावरून घसरून मोडला असं सांगितलं होतं ना," ती म्हणाली. "बर्फ नव्हता. कड्यावरून पडले. खाली जो होता त्यानं पाणी प्यायला हात काढला होता."

बायकोनं कप खाली ठेवला. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो.

"म्हणून मी असं मागं लागले," लेक म्हणाली. "तुम्हाला नाही जमलं तर राहू दे अप्पा. खरंच."

तिचं ते 'खरंच' मला फार लागलं. ती रागावली असती तर मी उलट बोललो असतो. ती मला सूट देत होती, जुन्या गिऱ्हाईकाला देतात तशी.

"मैत्रिणीला अजून हो म्हणू नकोस," मी म्हटलं.

त्या दिवशी दुकानात जाऊन मी गल्ल्यावर दोन पितळी खुंट्या ठोकल्या, बरोबर एका वावेच्या अंतरावर. यापुढं दोर हातानं मोजायचा नाही. खुंटीपासून खुंटीपर्यंत ताणायचा, डावा हात हलेल, उजवा दोरावर सरकेल पण सुटणार नाही. आणि लाभ म्हणायचं नाही, एक म्हणायचं. माझ्या धाकट्या भावाला, जो दुकानात भागीदार आहे, वाटलं मला अर्धांगाचा झटका येऊन गेला. कलघटगीकडचा एक जुना शेतकरी बैलांचे कासरे घ्यायला आला, माझा तो गल्ल्याला चिकटलेला हात बघून कन्नडमध्ये म्हणाला, "सावकार्रे, हाताला काय झालं?"

"काही नाही. सवय मोडतोय."

"खुंटीनं मोजता? हातानं मोजा की. हातानं मोजताना तुमचा हात जरा लांब जातो, तेवढं आम्हाला मिळतं. खुंटी काय लांब जाते?"

मी त्याला वरती थोडा जादा दोर सोडला. तो जादा दोर सोडताना सुद्धा उजवा हात पकडून होता. त्यानं कासरे खांद्यावर टाकले आणि जाताना भावाला हळूच विचारलं, दुकान विकायचं आहे का. बाजारात आठवडाभर चर्चा होती. कुणी म्हणालं वजनमापवाल्यांनी पकडलं, कुणी म्हणालं एक म्हणतोय म्हणजे लक्ष्मीशी वाकडं झालं. लाभ न म्हणता दोर विकणारा आमच्या ओळीतला मी पहिलाच. भाऊ माझ्या वाटचा लाभ आपल्या गल्ल्यावर मोठ्यानं म्हणायला लागला.

रायापूरची भिंत चालूच होती. बायको चढायची, मी धरायचो, मेडम मागं. हात सुटणं कमी होत गेलं, पण संपेना. कुणी बोलायला आलं, फोन वाजला, शिंक आली की हात जुन्या घरी पळायचा. बायकोचं मात्र भलतंच सुरू झालं. ती बोटांना खडूची पूड लावायची, नोकरीतली सवय, आणि वरून शेडच्या झरोक्यातून पलीकडं कुणाच्या गच्चीवर काय वाळत घातलंय ते मला सांगायची. "खाली बघून बोलू नकोस," मी ओरडायचो. "तुम्ही वर बघा," ती म्हणायची.

मग मेडम म्हणाल्या, आता खरा दगड. आम्ही बदामीला गेलो. तिथल्या लाल कड्यांवर देशोदेशीचे लोक चढायला येतात हे आम्हाला साठीच्या तोंडावर कळलं. आम्ही आजवर लेणी बघून, मक्याची कणसं खाऊन परत यायचो. मेडमनी वर जाऊन दोर लावला. बायकोनं गाठ बांधली, मी ती तपासली, तिनं माझं यंत्र तपासलं. लग्नात सुद्धा आम्ही एकमेकांकडं इतकं निरखून बघितलं नव्हतं.

"कधी सोडणार ते सांगणार नाही," ती म्हणाली.

"सांगू नकोस."

ती चढायला लागली. मेडमनी फोन एका दगडावर टेकवून व्हिडिओ चालू केला आणि मागं दोर धरून उभ्या राहिल्या. मी मान वर करून. ऊन कड्यावर होतं, दगड तांबडालाल, त्यावर बायकोचा हिरवा ड्रेस. अर्ध्यावर ती थांबली. इथं सोडेल असं वाटलं, नाही सोडलं. आणखी वर गेली. मान अवघडली. माझ्या उजव्या हाताला घाम आला आणि तो पुसावा अशी फार इच्छा झाली.

तेवढ्यात माझ्या पायाशी ठेवलेल्या बायकोच्या पिशवीजवळ एक माकड आलं. मोठं, दुकानात उधारी मागायला येणाऱ्या माणसासारखं निवांत. त्यानं पिशवीत हात घातला, केळी काढली, मग बायकोच्या चष्म्याचं घर काढलं, उघडलं, चष्मा उन्हात धरून बघितला. माझ्या हातात काठी असती तर... हात म्हणाला, हाकल. सगळं अंग त्याच्याकडं वळलं. उजवा हात तेवढा वळला नाही. माकड चष्म्यासकट दोन पावलं मागं गेलं, मी तोंडानं "हाऽड, हाऽड" केलं, आणि कमरेला असा झटका बसला की माझ्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या.

वर बघितलं तर बायको हवेत. दोर ताणला होता, नव्या नवरीसारखा वाकून परत उभा राहत होता, आणि ती त्याच्या टोकाला हळूहळू वर-खाली होत होती. माझी मूठ मांडीजवळ आवळलेली होती. मी ती आवळली नव्हती. म्हणजे मी काही केल्याचं मला आठवत नाही.

"आता खाली सोडा," वरून आवाज आला. "सावकाश."

सावकाश सोडलं. ती जमिनीवर उतरली, आधी माकडाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुमचं लक्ष त्याच्याकडं गेलेलं दिसलं," ती म्हणाली. "म्हणून सोडलं."

"चष्मा गेला."

"जाऊ दे. नंबर बदललाच होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. पलीकडून माझाच "हाऽड, हाऽड" असा आवाज येत होता. ती व्हिडिओ बघत होती, मग पुन्हा मागं नेऊन बघत होती. माकड तिनं बघितलंच नाही असं मला वाटतं. आईचं चढणंही नाही. फक्त माझा उजवा हात.

"मैत्रिणीला मी सांगते," ती शेवटी म्हणाली, "की दोर धरायला माणूस मिळालाय."

मी चहावरची साय बोटानं बाजूला केली.

"कामुरास्काला पहिल्या दिवशी सोपा कडा घेऊ," ती सांगायला लागली. "मी पुढं जाणार. दगड पांढुरका आहे, खाली गवत आहे, उभं राहायला जागा चांगली आहे. वारा असतो, माझा आवाज कधी कधी येणार नाही. तेव्हा दोरावरनं ओळखायचं. आणि सप्टेंबरपर्यंत रायापूर सोडायचं नाही हं."

"सोडत नाही."

"अप्पा, तुम्हाला स्वतःला चढायचंय का? मी विचारलंच नाही."

हे कुणीच विचारलं नव्हतं, मी सुद्धा. मी जरा विचार केला.

"आधी तू वर जा," मी म्हटलं. "मी खाली आहे."

बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला आणि तिकडच्या थंडीत पंजाबी ड्रेसच्या आत काय घालायचं ते विचारायला लागली. मी उठून चपला घातल्या. दुकान उघडायची वेळ झाली होती, आणि त्या दिवशी ट्रकवाल्यांचं मोठं गिऱ्हाईक होतं. खुंट्यांवर भरपूर दोर मोजायचा होता.